वर्गाच्या पुढे असलेलं मूल आणि शाळा : गोव्यातल्या पालकांसाठी

मूल कुणी न शिकवता वाचायला लागलं आहे. बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, देवळाच्या सभामंडपातल्या देणगीदारांच्या याद्या, सगळं वाचत सुटतं. आणि शाळेतून निरोप येतो : वर्गात लक्ष नसतं, मध्येच उठतं, लिहायचा कंटाळा करतं. असं मूल घरात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आमच्या लेकीच्या निमित्ताने फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेपासून हायस्कूलपर्यंत हा रस्ता मी चालले आहे. वाटेत भेटलेल्या बऱ्याच पालकांना तेच प्रश्न पडलेले पाहिले, म्हणून सगळं एकत्र लिहिते आहे.

सुरुवातीलाच मुद्दा सांगते. "आमचं मूल असामान्य आहे" हे शाळेकडून कबूल करून घेण्यात शक्ती घालवू नका. त्याला शाळेत रोज काही नवं शिकायला मिळतं का, एवढं बघा आणि तेवढंच मागा. याला व्यवहाराचं कारणही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांना वेगळं साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं असं म्हटलं आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. दिव्यांग मुलांना २०१६ च्या कायद्याने हक्क दिले आहेत, प्रज्ञावान मुलांसाठी तसा कायदा नाही. त्यामुळे सगळं टीचरच्या आणि मुख्याध्यापकांच्या इच्छेवर उभं राहतं. सर्टिफिकेट समोर ठेवलं की शाळा सावध होते. "पुढच्या धड्याची गणितं देता का?" असं विचारलं की टीचर बहुतेक वेळा हो म्हणतात.

१. आधी नीट बघा

पहिला नंबर काढणारं मूल आणि असामान्य बुद्धीचं मूल एकच असेल असं नाही. पहिलं मूल शिकवलेलं चोख परत देतं. दुसरं शिकवलेल्याच्या पलीकडचा प्रश्न काढून बसतं आणि त्या नादात फळ्यावरचं उतरवून घ्यायचं राहून जातं. दोन्ही गुण एका मुलात असतील तर शाळेत काही अडत नाही. ओढाताण होते ती फक्त दुसरा गुण असलेल्या मुलाची.

लेक तिसरीत असताना अंगणात कुळागरातली सुपारी सुकत घातली होती. ती सुपाऱ्यांचे चौकोन मांडत बसली : एक, मग चार, मग नऊ, मग सोळा. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, चौकोन मोठा करायला आधी तीन लागल्या, मग पाच, मग सात. आता नऊ लागणार." तिने नऊ सुपाऱ्या मोजून उचलल्या आणि दोन कडांनी लावल्या. चौकोन पुरा झाला. त्याच आठवड्यात गणिताच्या वहीवर "गृहपाठ अपूर्ण" असा शेरा आला होता, कारण हातच्याच्या बेरजांचं पान अर्धं सोडवून ती थांबली होती. टीचरनी जे पाहिलं तेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या आहेत हे त्यांना कळण्याचा मार्ग मात्र नव्हता.

घरी या गोष्टींकडे लक्ष ठेवा :

- एकदोनदा सांगितलं की कळतं, मग तेच पुन्हा करायला लावलं की चिडचिड होते.
- एखाद्या विषयाचा ध्यास महिनोन् महिने टिकतो. साप, रेल्वे, ग्रह, घुमट वाद्याचे ताल, काहीही असू शकतं.
- "का" वर थांबत नाही, "मग तसं नसतं तर?" इथपर्यंत जातं.
- खेळायला वयाने मोठी मुलं किंवा मोठी माणसं शोधतं.
- अन्याय, मृत्यू, दुष्काळ अशा गोष्टी मनाला फार लावून घेतं.

अशा मुलाची वाढ सगळीकडे सारखी नसते. आठ वर्षांच्या मुलाचं गणित बारा वर्षांचं असतं, अक्षर सात वर्षांचं आणि रडणं पाच वर्षांचं. "एवढं कळतं, मग असं का वागतोस?" हा प्रश्न म्हणूनच त्याच्यावर अन्याय करतो.

इथे एक फसगत होते. अथर्वशीर्ष पाठ म्हणणं, देशांच्या राजधान्या धडाधड सांगणं याला आपण लगेच बुद्धिमत्ता म्हणतो. पाठांतर चांगलंच आहे, पण त्यावरून फारसं काही ठरत नाही. आणि जी मुलं नजरेतून सुटतात त्यांच्याकडे मुद्दाम बघा : सगळं लिहून गप्प बसणारी मुलगी, बांधकामावरच्या मजुराचं मूल, घरी वेगळी भाषा बोलणारं मूल. अशा मुलांबद्दल शाळेत कुणी शब्द टाकत नाही. तुम्ही पालक-शिक्षक संघात असाल तर तुम्ही टाका.

२. डोळे, कान आणि झोप तपासून घ्या

लक्ष नसण्याची साधी कारणं आधी बाजूला काढा. चष्म्याचा नंबर, कानातला मळ, रात्री उशिरापर्यंत वाचत बसल्याने अपुरी झोप. गावच्या आरोग्य केंद्रात सांगितलं तर पुढे कुठे जायचं ते कळतं. हा कागद पुढे शाळेतही उपयोगी पडतो, कारण तिथला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

३. एक वही आणि एक फाईल

साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख घाला आणि मुलाने काय केलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. "फार हुशार आहे" असं लिहू नका. "७ जुलै. विचारलं, भरतीची वेळ रोज का बदलते. चंद्र रोज उशिरा उगवतो असं सांगितल्यावर स्वतः कॅलेंडर काढून जुळवून बघितलं." असं लिहा. महिन्याला चारपाच नोंदी पुरेत.

फाईलमध्ये हे ठेवा :

- जन्मदाखला आणि आधार कार्ड यांच्या प्रती
- सगळी प्रगतीपत्रकं, त्यावरच्या शेऱ्यांसकट
- मुलाने आपण होऊन केलेल्या कामाची पानं : चित्रं, कोडी, गोष्टी, आकडेमोड. मूळ कागद घरी ठेवा, शाळेत झेरॉक्स द्या
- वाचलेल्या पुस्तकांची यादी
- डोळे आणि कान तपासणीचे कागद
- चाचणी केली असेल तर तिचा अहवाल
- शाळेला दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घेतलेली प्रत

मुलाचे व्हिडिओ काढून वॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवणं टाळा. काही दिवसांनी मूल कॅमेऱ्यासाठी हुशारी दाखवू लागतं आणि खरा प्रश्न मागे पडतो.

४. बुद्ध्यांक चाचणी : केव्हा करावी, केव्हा नको

प्रत्येक मुलाला ती लागत नाही. टीचर ऐकून घेणाऱ्या असतील, मूल आनंदात असेल, तर चाचणीवाचूनही काम होतं. दोन परिस्थितींत मात्र जरूर करा. एक, मूल तोंडी सगळं सांगतं पण लिहिताना किंवा वाचताना फार मागे पडतं. दोन, मूल दुःखी आहे, शाळेला जायला नकार देतं आणि कारण कळत नाही.

चाचणी करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे ना, हे आधी विचारा. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था ही सरकारी संस्था आहे. बिगरसरकारी संस्थांपैकी संगत आणि सेतू या मुलांच्या विकासाच्या प्रश्नांवर गोव्यात बरीच वर्षं काम करत आहेत. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून बऱ्याच हायस्कुलांना समुपदेशक मिळाले आहेत. तुमच्या शाळेत असतील तर पहिली चौकशी त्यांच्याकडे करा, पैसे आणि धावपळ दोन्ही वाचतील.

कोणती चाचणी लावणार तेही विचारा. वेक्स्लर, मालिन, बिने-कामत आणि रेव्हन ही नावं आपल्याकडे ऐकू येतात. बिने-कामत ही व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड भागातल्या मराठी आणि कन्नड मुलांवर बसवलेली. आपल्या भाषेत असल्याने मूल मोकळं होतं, पण तिचे मापदंड जुने असल्यामुळे आकडा फुगून येऊ शकतो. रेव्हनमध्ये भाषा जवळजवळ नाहीच, नक्षीतला गाळलेला तुकडा शोधायचा असतो. घरी मराठी किंवा कोकणी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाला फक्त इंग्रजीतून शाब्दिक चाचणी दिली, तर बुद्धीपेक्षा इंग्रजीच मोजली जाते. हे सायकॉलॉजिस्टना आधीच सांगा.

अहवालात एकूण आकड्याच्या खाली पोटविभाग असतात, ते वाचा. शंभर ही सरासरी. १३० च्या वर शंभरातली साधारण दोन मुलं असतात. पण शाब्दिक आकलन १४० आणि कामाचा वेग ९५ असेल, तर एकूण आकड्यापेक्षा ही दरी जास्त सांगते : मूल विचार झरझर करतं, हात मागे राहतो. अशा मुलाला लिहायला वेळ हवा आणि उत्तर तोंडी द्यायची मुभा हवी.

आकडा कमी आला म्हणून मूल कमी ठरत नाही. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातल्या उच्च बुद्ध्यांकाच्या मुलांचा मोठा अभ्यास केला. त्यासाठी तपासलेल्या पण आकडा कमी पडला म्हणून वगळलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कुणालाच ते मिळालं नाही.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे आणि "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन" करून देतो म्हणणारे वर्ग शाळांच्या आवारापर्यंत पोचतात. दोन्हीला शास्त्रीय आधार नाही. एक रुपयाही देऊ नका. मोबाईलवरच्या फुकट बुद्ध्यांक चाचण्यांचा आकडाही कुठे दाखवू नका.

५. टीचरशी पहिली भेट

या टप्प्यावर सगळं सावरतं किंवा बिघडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पालकसभेच्या दिवशी रांगेत उभं राहून हा विषय काढू नका. आधी निरोप पाठवून वेळ मागा. शाळा सुरू झाल्यावर महिना जाऊ द्या, टीचरना मुलाची ओळख झालेली असते. एकट्या आईने किंवा दोघांनी जावं. काका, मामा, ओळखीचे पंच यांना सोबत नेऊ नये. फाईलमधली तीनचार पानंच न्या.

सुरुवात विचारण्याने करा. "टीचर, ती वर्गात कशी असते? कुठल्या तासाला जास्त रमते?" आणि गप्प बसून ऐका. आपल्याला घरी दिसत नाही असं बरंच टीचरना दिसतं. मग एकच पान पुढे ठेवा. "हे तिने घरी आपण होऊन केलं. तुम्हाला काय वाटतं?" पान बघितल्यावर बहुतेक टीचर स्वतःच म्हणतात, की हिला थोडं जास्त द्यायला हवं. शब्द त्यांच्या तोंडून आला की पुढचं काम त्यांचंही होतं.

काही वाक्यं टाळा. "तिला वर्गात बोअर होतं" हे टीचरना आपल्या शिकवण्यावरची टीका वाटते. "तिला हे आधीच येतं, पुढचं काय देता येईल?" हे ऐकून घेतलं जातं. दुसऱ्या मुलांशी तुलना, दुसऱ्या शाळेचं कौतुक, चाचणीचा आकडा, हे पहिल्या भेटीत नको.

भेट झाली की दोन दिवसांत एक साधं पत्र द्या. तक्रारीचा सूर नको, ठरलेल्याची नोंद हवी :

"मा. मुख्याध्यापक, माझी मुलगी इयत्ता चौथीत शिकते. वर्गशिक्षिकेशी झालेल्या बोलण्यानुसार गणिताचा प्रत्येक धडा सुरू होण्याआधी तिला त्या धड्याची छोटी चाचणी द्यावी आणि धडा येत असल्यास त्या तासांना पुढचं काम द्यावं, अशी विनंती आहे. साहित्य आम्ही पुरवू. सत्र संपताना याचा उपयोग झाला का, हे एकत्र बसून पाहू. सोबत तिच्या कामाची चार पानं जोडली आहेत."

ऑफिसात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. वर्षाच्या मध्ये टीचरची बदली झाली तर नव्या टीचरपुढे ठेवायला हाच कागद असतो.

टीचरनी नकार दिला तर मुख्याध्यापकांशी बोला, मग समुपदेशकांशी. पर्वरीला शिक्षण संचालनालयापर्यंत जाण्याची पाळी क्वचितच येते. मुलाला त्रास दिला जात असेल, अपमान होत असेल, तर मात्र तिथे लेखी तक्रार करायला कचरू नका.

६. नेमकं काय मागायचं

"काहीतरी वेगळं द्या" असं म्हटलं की मुलाच्या पदरात त्याच प्रकारची आणखी वीस गणितं पडतात. हुशारीची ती शिक्षा होते. मागणी नेमकी ठेवा :

- धड्याआधी चाचणी. मूल ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं तर त्या धड्याच्या सरावातून सूट, आणि त्या वेळात ठरवून दिलेलं काम.
- गृहपाठात सगळ्यात अवघड पाच गणितं आधी. ती बरोबर आली तर बाकीची माफ.
- एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसणं.
- आठवड्याला एक तास वाचनालयात, स्वतःच्या प्रश्नावर काम. महिन्याअखेर वर्गाला पाच मिनिटं सांगायचं.
- हायस्कूलमध्ये कोडिंग-रोबोटिक्सची किंवा विज्ञानाची प्रयोगशाळा असेल तर जादा वेळ वापरायची परवानगी.

तिसऱ्या मागणीबद्दल थोडं. गोव्यातल्या बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळांत पट कमी आहे, एकच टीचर दोनतीन वर्ग एका खोलीत सांभाळते. पालक याला कमीपणा मानतात आणि मुलाला बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, दूरच्या मोठ्या शाळेत पाठवतात. वर्गाच्या पुढे असलेल्या मुलाला अशी खोली फार मानवते. दुसरीतलं मूल चौथीचं गणित ऐकत असतं, त्याने पाट बदलला तरी कुणी वळून बघत नाही. शाळा निवडायची असेल तर इमारत बघण्याआधी टीचरशी बोला.

पूर्ण इयत्ता ओलांडण्याची घाई करू नका. आपल्याकडे प्रवेश वयाप्रमाणे चालतात, आणि तशी उडी सगळ्या विषयांत पुढे असलेल्या, मोठ्या मुलांत रमणाऱ्या, स्वतःला हवं असलेल्या मुलालाच झेपते. विचार करायचाच तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा आणि दहावी-बारावीच्या नोंदणीच्या वेळी वयाचं काय होईल, हे गोवा बोर्डाकडून आधी समजून घ्या.

मागू नये असं एक : मागे पडलेल्या मुलांना शिकवायचं काम कायमचं आपल्या मुलावर. कधीतरी ठीक आहे, त्यातून मूलही शिकतं. रोज तेच असेल तर त्याचं स्वतःचं शिकणं थांबतं आणि वर्गात त्याच्याबद्दल अढी तयार होते.

७. पाचवीचं वळण

हे गोव्याबाहेरच्या पालकांना पटकन कळत नाही. इथे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत हायस्कूलला गेली की बहुतेक ठिकाणी सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. चौथीत प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारी मुलगी पाचवीत खाली मान घालून बसते. उत्तर येतं, शब्द येत नाहीत. नव्या टीचरना ती साधारण मुलगी वाटते, आणि एकदा बसलेलं मत दोनदोन वर्षं हलत नाही. सगळ्यात जास्त हुशार मुलं इथे हरवतात असं माझं ठाम मत आहे.

तयारी चौथीच्या दिवाळीपासून करा. इंग्रजी व्याकरणाच्या क्लासपेक्षा विषयातले शब्द महत्त्वाचे. चौथी-पाचवीच्या इंग्रजी गणित आणि विज्ञानाच्या पुस्तकांतून शब्द काढा आणि वहीत मराठीशेजारी लिहा : छेद, अंश, परिमिती, बाष्पीभवन. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. तीच संकल्पना मुलाला मराठीतून पक्की येत असते, तिला फक्त दुसरं नाव हवं असतं.

पाचवी सुरू झाली की वर्गशिक्षकांना प्राथमिक शाळेतली दोनतीन पानं दाखवा, मराठीत लिहिलेली. सांगा, "सर, पहिलं सत्र तिला उत्तर मराठीत किंवा कोकणीत सांगू द्या, लिहायला मग इंग्रजीत लावा." बहुतेक सरांना स्वतःला दोन्ही भाषा येतात, त्यांना यात अडचण नसते. घरी मराठी वाचन बंद करू नका. इंग्रजी सुधारावं म्हणून मराठी पुस्तकं कपाटात गेली तर मुलाची विचार करायची भाषाच काढून घेतल्यासारखं होतं.

८. बुद्धी आणि अडचण एकाच मुलात

वाचनदोष, लेखनदोष, अवधानाचा प्रश्न किंवा स्वमग्नता असलेलं मूल अतिशय बुद्धिमान असू शकतं. अशा मुलाची बुद्धी अडचण झाकते आणि अडचण बुद्धी झाकते. गुण सरासरी येतात, म्हणून कुणी तपासतही नाही. तोंडी आणि लेखी यांतली मोठी दरी ही पहिली खूण.

अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतात, म्हणून इथे हक्काने मागता येतं. गोवा बोर्डाच्या परीक्षांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण त्यासाठी ठरलेल्या सरकारी यंत्रणेचा दाखला लागतो. दहावीच्या वर्षी धावाधाव करण्यापेक्षा सातवी-आठवीतच तपासणी करून घ्या. आणि अडचणीवर उपचार चालू असताना मुलाच्या आवडीचं अवघड काम काढून घेऊ नका. "आधी शुद्धलेखन सुधार, मग बुद्धिबळ" ही अट मुलाला मोडते.

९. एकटेपणा, चुकायची भीती, हुशारी लपवणं

मूल जेवताना सांगतं, "माझ्याशी कुणी बोलत नाही." हे हसून सोडू नका. वर्गातले सगळे मित्र व्हायला हवेत असं नाही, एक पुरे. तो दुसऱ्या वर्गातला, दुसऱ्या गावातला, भजनीमंडळातला आजोबांच्या वयाचा असला तरी चालतो.

मुली साधारण सहावी-सातवीपासून हुशारी लपवू लागतात. हात वर करत नाहीत, मुद्दाम एखादं उत्तर चुकवतात. तसं दिसलं तर रागावू नका. वर्गाबाहेर जिथे हुशारी लपवावी लागत नाही अशी एखादी जागा तिला मिळवून द्या.

कौतुक कसं करता याकडेही बघा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. "तू हुशार आहेस" असं कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपं काम निवडलं, आणि अपयशानंतर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीचं कौतुक झालेल्या मुलांनी अवघड काम पसंत केलं. घरी आजी-आजोबा, शेजारी सगळे "आमची बाय फार हुशार" म्हणत असतात. त्यांना थांबवणं कठीण आहे, पण तुम्ही स्वतः "हे कसं शोधून काढलंस?" असं विचारू शकता. आणि आठवड्यातून एकदा तरी मुलाला असं काम मिळू द्या की जे त्याला पहिल्या झटक्यात जमणार नाही. सगळं सहज येत गेलेलं मूल नववीत पहिल्यांदा अडलं की कोसळतं.

जेवण तुटणं, झोप उडणं, "मी नसते तर बरं" अशी वाक्यं, यांना हुशार मुलांचा स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा.

१०. शाळेबाहेर काय आहे

गोवा लहान असल्याचा इथे फायदा होतो, बहुतेक ठिकाणं अर्ध्या दिवसात गाठता येतात. पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ ची, आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मडगावात शंभराहून जास्त वर्षं चालत आलेली गोमंत विद्या निकेतन ही सांस्कृतिक संस्था आहे. मिरामारला विज्ञान केंद्र, कांपालला बाल भवन आणि कला अकादमी. संगीत-नाट्यात ओढा असलेल्या मुलाला अकादमीचे वर्ग जरूर दाखवा. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था विद्यार्थ्यांसाठी खुले दिवस ठेवते. मोठ्या मुलांना पणजीतल्या डी. डी. कोसंबी विचार महोत्सवातलं एखादं व्याख्यान ऐकायला न्या. सगळं कळलं नाही तरी चालतं.

परीक्षा आणि योजना :

- नवोदय, सहावी प्रवेश. पाचवीत असताना परीक्षा : ८० प्रश्न, दोन तास. निवासी आणि मोफत शिक्षण. उत्तर गोव्याचं विद्यालय सत्तरीत, दक्षिणेचं काणकोणात. पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी. मूल घराबाहेर राहायला तयार आहे का, हे त्यालाच विचारा.
- एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट) शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कार्यालयातून लागतो, तो आधीच काढून ठेवा.
- इन्स्पायर-मानक, मुलांच्या विज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना. सहावीपासून पुढे. शाळा मुलांच्या कल्पना पाठवते, निवड झाली तर नमुना करायला १०,००० रुपये. नाव शाळेनेच घालायचं असतं, म्हणून विज्ञानाच्या टीचरना आठवण करा.
- गणित ऑलिंपियाड. पहिली पायरी आयओक्यूएम (इंडियन ऑलिंपियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स) ही परीक्षा, आठवी ते बारावी. तीन तासांत ३० प्रश्न. शाळेतल्या गणिताहून अगदी वेगळं, ध्यास असलेल्या मुलालाच बसवा.
- कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाड. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी, पहिली परीक्षा नोव्हेंबरच्या सुमारास. पुढचे टप्पे मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळतं.

वर्षाला यातलं एक, फार तर दोन. खाजगी कंपन्यांच्या "ऑलिंपियाड" नावाच्या परीक्षा वेगळ्या असतात. फी भरून पदकं मिळतात, त्यांचा वरच्या परीक्षांशी संबंध नाही.

प्रज्ञावान मुलांवर दीर्घ काम केलेल्या संस्था जवळपासच्या राज्यांत आहेत : पुण्याची ज्ञान प्रबोधिनी, जी आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये सुरू केली, आणि बेंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था. सुट्टीतल्या शिबिरांची चौकशी तिथे करा.

११. वर्ष संपताना

मार्चमध्ये मुलालाच विचारा : यंदा शाळेत कुठला दिवस चांगला गेला, कुठला तास नकोसा वाटला, पुढच्या वर्षी काय हवं. त्याचं उत्तर वहीत तसंच उतरवा. मग नव्या टीचरसाठी एक पान तयार करा, दोन्ही बाजूंनी भरलेलं नको. त्यावर चार गोष्टी : मुलाला कशात रस आहे, यंदा कुठलं जादा काम केलं, कशाने बिथरतं आणि तेव्हा काय केलं की शांत होतं. शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते जुन्या टीचरच्या हातून नव्या टीचरकडे जाईल असं बघा. एका टीचरने दुसऱ्या टीचरला सांगितलेलं लवकर ऐकलं जातं. पानाच्या खाली तुमचा फोन नंबर आणि कुठल्या वेळी बोलू शकता ते लिहा.